घोडा आमचा, ट्रेलर आमचा, हप्ताही भरलेला. मग क्लेम कुठे अडला?

प्रति,
मा. अध्यक्ष,
भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण, हैदराबाद

विषय : घोडा-ट्रेलर जोडगाड्यांच्या विमा पॉलिसीतली फट

मा. महोदय,

सादर नमस्कार.

न्हावा शेवा बंदरातून कंटेनर उचलून कोल्हापूर, बेळगाव, हैदराबाद, इंदूर, कधी थेट दिल्लीपर्यंत नेणाऱ्या गाड्यांचा मी एक लहान मालक आहे. लहान म्हणजे ज्याच्या ऑफिसात मॅनेजर नाही आणि पॉलिसी संपत आली की एजंटला ज्याला स्वतःच फोन करावा लागतो, असा. आमच्या लाइनीत गाडी दोन तुकड्यांची असते : पुढे इंजिन-केबिनचा घोडा, मागे माल वाहणारा ट्रेलर. आपल्याला हे सांगायची गरज नाही, पण आपल्या देखरेखीखाली विकल्या जाणाऱ्या पॉलिसीला ते अजून नीट उमगलेलं दिसत नाही, म्हणून हा पत्रप्रपंच.

ट्रेलर घोड्याला कायमचा जखडलेला नसतो. ट्रेलरचे पाय खाली सोडले, हवेचे पाइप आणि लाइटची केबल काढली, घोड्यावरच्या जोड-तबकडीचा, म्हणजे फिफ्थ व्हीलचा, दांडा ओढला की तिच्यात अडकलेली ट्रेलरची खुंटी, किंग पिन, सुटते आणि घोडा मोकळा होतो. यार्डात ट्रेलर खाली व्हायला रात्र लागणार असेल तर घोडा दुसरा भरलेला ट्रेलर लावून निघतो. एखाद्या ट्रेलरचं एक्सलचं काम निघालं तर त्याच्या जागी दुसरा लागतो. घोडा उभा राहिला म्हणून फायनान्सचा हप्ता उभा राहत नाही, त्यामुळे ही अदलाबदल आम्ही हौसेने करत नाही. तिच्यावरच धंदा चालतो. कायद्यानेही हे गृहीत धरलेलं आहे. मोटार वाहन कायदा १९८८ मधलं कलम ६१ ट्रेलरची नोंदणी इतर वाहनांसारखीच करायला सांगतं, ट्रेलरचा नंबर त्याच्या बाजूवर लिहायला लावतं आणि वर असंही म्हणतं की ओढणाऱ्या वाहनाचा नंबर ट्रेलरच्या मागे दिसला पाहिजे. ट्रेलर आज एका गाडीमागे, उद्या दुसऱ्या गाडीमागे लागणार, हे कायदा लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर असल्याशिवाय अशी तरतूद होत नाही.

पॉलिसी मात्र या दोघांचं लग्न लावून बसलेली आहे. मोटार टॅरिफच्या, म्हणजे विम्याचे दर आणि अटी सगळ्या कंपन्यांना एकच ठरवून दिलेल्या असत त्या, काळापासून चालत आलेल्या पद्धतीप्रमाणे घोड्याच्या पॉलिसीला जोडपत्र लावून त्यात ठरावीक ट्रेलर नमूद केला, तरच तो ‘वाहन’ या शब्दात धरला जातो. जो ट्रेलर लिहिलेला नाही तो त्या पॉलिसीच्या दृष्टीने अस्तित्वातच नाही.

गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे दोन जोड्या होत्या. पहिल्या घोड्याच्या पॉलिसीत पहिला ट्रेलर, दुसऱ्याच्या पॉलिसीत दुसरा. सगळं एकाच नावावर, दोन्ही पॉलिसी एकाच कंपनीच्या आणि एकाच शाखेतून काढलेल्या. दुसऱ्या घोड्याची क्लच प्लेट गेली, त्याच सुमारास पहिल्या ट्रेलरच्या एक्सलचं काम निघालं. मग पहिला घोडा आणि दुसरा ट्रेलर अशी जोडी लावली आणि कोल्हापूरजवळच्या शिरोलीहून कास्टिंगचा एक्स्पोर्ट कंटेनर भरला. साताऱ्याकडून पुण्याकडे येताना खंबाटकीचा बोगदा सुटला की जे एस वळण लागतं, तिथे ओल्या रस्त्यावर आडव्या आलेल्या कारला वाचवताना ट्रेलर कलंडला आणि त्याने घोड्यालाही आडवं केलं. ड्रायव्हरच्या खांद्याला मार बसला. माणसांचं नुकसान एवढ्यावर निभावलं.

नुकसान तपासणारा विम्याचा सर्व्हेअर दुसऱ्या दिवशी आला. भला माणूस होता. त्याने पिशवीतून तारेचा ब्रश काढला, ट्रेलरच्या चॅनलवरचा चिखल खरवडला, ठोकलेला चासी नंबर स्वच्छ दिसेपर्यंत घासला, त्यावर खडू फिरवून फोटो घेतला आणि एकेक आकडा बोट ठेवून पॉलिसीशी ताडला. मग चष्मा कपाळावर सारत म्हणाला, “शेठ, हा ट्रेलर यात नाही.” मी दुसरी पॉलिसी पुढे केली. ती चाळून म्हणाला, “यात ट्रेलर आहे, पण याचा घोडा इथे नाही.”

घोड्याचा क्लेम कापाकापी होऊन मिळाला. ट्रेलरचा नामंजूर झाला. पत्रात दोन कारणं होती : पहिल्या पॉलिसीत हा ट्रेलर नमूद नाही, आणि दुसऱ्या पॉलिसीतलं वाहन अपघातात सामील नाही. दोन्ही वाक्यं अक्षरशः खरी आहेत. त्यांत खोट काढता येत नाही, हीच तर अडचण आहे. त्या क्लेमची दाद मागायला विमा लोकपाल आहेत, एकल मालकीच्या धंद्यांची तक्रारही ते ऐकतात, आणि ती वाट मी धरलेली आहे. त्याचा निकाल लागायचा तो लागेल. आपल्याला लिहितोय ते पॉलिसीच्या मांडणीबद्दल.

कारण हप्ता घेताना हाच हिशेब नेमका उलटा होतो. दहा चाकी घोड्यामागे तीन एक्सलचा ट्रेलर लावला की २०१८ च्या जुलैमधल्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार पुढच्या एक्सलवर ७ टन, ड्राइव्हच्या दोन एक्सलवर २१ आणि मागच्या तिन्हींवर २७, असे ५५ टन पास होतात. आधी ही मर्यादा ४९ टनांची होती. थर्ड पार्टीचा, म्हणजे आमच्या गाडीने दुसऱ्यांचं केलेलं नुकसान भरून देणाऱ्या विम्याचा, हप्ता या पूर्ण वजनावर ठरतो. रस्ते वाहतूक मंत्रालयाने आपल्याशी सल्लामसलत करून १ जून २०२२ पासून लागू केलेल्या दरांत ४० टनांवरच्या मालवाहू गाडीला ४४,२४२ रुपये आहेत. (२० ते ४० टनांच्या गटाला ४३,९५०. फरक २९२ रुपयांचा. तो कोणत्या हिशेबाने निघाला याचं मला कुतूहल आहे, पण तो विषय वेगळा.) स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता २००७ पासून खुला झाला आणि कंपन्या त्यावर आपापल्या सवलती देतात, पण मूळ साचा अजून २००२ च्या टॅरिफचाच दिसतो : गाडीच्या विमामूल्यावर (विम्यासाठी धरलेल्या किमतीवर) ठरावीक टक्के, आणि १२ टनांच्या वर दर १०० किलोला २७ रुपये. ५५ टनांच्या जोडगाडीला हे वजनाचे पैसेच ११,६१० होतात, जीएसटी वेगळा. आता एकट्या घोड्याचं वजन काही ५५ टन भरत नाही. ते ट्रेलर आणि त्यावरच्या मालामुळे भरतं. म्हणजे पैसे मोजताना कंपनीला अख्खी जोडगाडी दिसते, आणि पैसे द्यायची वेळ आली की ट्रेलर परका होतो.

तरी वरच्या प्रकरणात निदान ट्रेलर कुठल्यातरी पॉलिसीत लिहिलेला होता. आमच्या लाइनीत असे कितीतरी ट्रेलर आहेत जे कुठेच लिहिलेले नाहीत, आणि त्याचा दोष सगळा कंपन्यांचा नाही. काही ठिकाणी घोडा आणि ट्रेलर एकाच आरसी बुकावर आहेत, काही ठिकाणी वेगवेगळ्या. एजंट फोनवर विचारतो, “शेठ, ट्रेलरची किंमत किती धरू?” आणि आमचा माणूस हप्ता वाचवायला म्हणतो, “धर काहीतरी.” कधी तो रकाना रिकामाच राहतो. ट्रेलर गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून बांधून घेतलेला असेल तर त्याच्या किमतीला छापील आधार नसतो. पाच वर्षांवर गेला की विमामूल्य तसंही दोघांनी मिळून ठरवायचं असतं, आणि ते ठरवायला कोणी बसत नाही. आमच्या संघटनेच्या बैठकांत मी हे बोललो आहे आणि शिव्याही खाल्ल्या आहेत.

कंपन्यांची बाजूही मला कळते. ट्रकांचा थर्ड पार्टी विमा कोणी खुशीने घेत नव्हतं म्हणून २००७ ते २०१२ या काळात सगळ्या कंपन्यांचा मिळून एक सामाईक निधी (पूल) चालवावा लागला होता. उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे ड्रायव्हर आमचेच, बनावट लायसन तपासून न घेणारे मालकही आमच्यातलेच. ट्रेलरची अदलाबदल मोकळी सोडली तर एकाच पॉलिसीवर चार भंगार ट्रेलर फिरवणारा महाभाग निघेल, ही त्यांची भीती खोटी नाही. पण त्यावरचा उपाय ट्रेलरची स्वतंत्र नोंद हा आहे. प्रामाणिक मालकाचा क्लेम चासी नंबरच्या खडूवर अडवून तो चोर सापडत नाही.

आता ट्रेलरवरच्या कंटेनरकडे येतो. तो शिपिंग लाइनचा असतो. गेटमधून आत-बाहेर होताना त्याच्या प्रत्येक पोच्याची, चेपलेल्या जागेची, नोंद कागदावर होते, आणि वाटेत तो चेपला, फाटला, पाण्यात भिजला की लाइनचं बिल ट्रान्सपोर्टरमार्फत, म्हणजे मालाचं काम घेऊन आमची गाडी लावणाऱ्यामार्फत, आमच्या भाड्यातून वळतं होतं. आम्हाला वाटतं, दुसऱ्याची वस्तू आहे, थर्ड पार्टीत बसेल. बसत नाही. विमाधारकाच्या ताब्यात असलेली किंवा गाडीतून वाहून नेली जाणारी मालमत्ता पॉलिसीने साफ वगळलेली आहे. मालाच्या आणि ताब्यातल्या वस्तूंच्या जबाबदारीचा वेगळा विमा बाजारात मिळतो, पण दोन गाड्यांच्या मालकाला तो कोणी दाखवत नाही, आणि मागितला तर मोठ्या ट्रान्सपोर्ट कंपनीच्या उलाढालीवर बेतलेला अर्ज पुढे येतो. कंटेनरच्या आतल्या मालाचं असं की मालकाने विमा काढलेला असतो, त्याला पैसे मिळतात, आणि मग तीच विमा कंपनी त्याच्या जागी उभी राहून ट्रान्सपोर्टरवर वसुलीची नोटीस काढते. रस्ता वाहतूक कायदा २००७ आणि त्याखालच्या नियमांनी वाहतूकदाराची जबाबदारी साधारणपणे भाड्याच्या दहापटीपर्यंत आणून ठेवली आहे, ते ठीक. पण त्या दहापटीतले किती पैसे ट्रान्सपोर्टर स्वतः सोसतो आणि किती गाडीमालकाच्या उरलेल्या (बॅलन्स) भाड्यातून कापतो, हे कोणत्याही नियमात लिहिलेलं नाही. बिल्टी, म्हणजे माल घेतल्याची पावती, त्याची; गाडी आमची.

रस्त्यावरच्या दुसऱ्यांच्या मालमत्तेला पॉलिसीत ७.५ लाखांची मर्यादा आहे, आणि ती एका अपघातातल्या सगळ्या नुकसानीला मिळून. पुण्यात नवले पुलाच्या उतारावर २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये एका रात्रीत कितीतरी गाड्या एकमेकांवर आदळल्या, ते आपण बातम्यांत पाहिलं असेल. अशा ठिकाणी ५५ टनांच्या गाडीचे ब्रेक गेले तर ७.५ लाख रुपये पाच-सहा गाड्यांतच संपतात. पुढचं सगळं मालकाच्या घरावर. खासगी कारलाही तीच मर्यादा आणि आम्हालाही तीच! वजनावर हप्ता ठरतो तर वजनावर मर्यादा का ठरू नये? जादा हप्ता भरून ती वाढवायची सोय आम्हाला पॉलिसी घेतानाच, सरसकट, दिसली पाहिजे.

आणि मग ते २,५०० रुपये. अपघातानंतर गाडीची राखण करून ती जवळच्या गॅरेजपर्यंत नेण्याचा खर्च मालवाहू गाडीला सगळा मिळून एवढाच मिळेल, असं प्रचलित कलम सांगतं. घाटात आडवा पडलेला भरलेला ट्रेलर काढायला काय लागतं? आधी कंटेनरची लॉक सोडवायची, वाकलेली असतील तर कापायची. मोठी क्रेन लावून कंटेनर वेगळा उचलायचा, तो ठेवायला दुसरा ट्रेलर मागवायचा. मग दोन बाजूंनी पट्टे टाकून ट्रेलर सरळ करायचा, आणि घोड्याला वेगळं ओढायचं. हायवे पोलिसांना रस्ता लवकरात लवकर मोकळा हवा असतो आणि ते रास्तच आहे, त्यामुळे भाव करायला उसंत नसते. क्रेनवाला सांगेल तो आकडा. २,५०० रुपयांत तो क्रेनचं इंजिनही चालू करत नाही. जादा हप्ता भरून ही रक्कम वाढवता येते, हे मला अपघातानंतर सर्व्हेअरकडून कळलं. एजंटने ते आधी सांगितलं असतं तर मी आनंदाने भरला असता.

लाइट, टायर, मडगार्ड, बंपर यांची गत तशीच. आयएमटी २३ हे जोडपत्र घेतलेलं नसेल तर मालवाहू गाडीच्या या वस्तू, गाडी पूर्ण बाद झाल्याखेरीज, क्लेममध्ये धरत नाहीत. घेतलं असेल तरी टायरवर पन्नास टक्के घसारा. पाच वर्षांवरच्या गाडीच्या लोखंडी भागांवर चाळीस टक्के, दहा वर्षांवर पन्नास. बावीस चाकांच्या गाडीला हे किती लागतं त्याचा हिशेब आपल्या ॲक्च्युअरींनी, म्हणजे विम्याचं गणित मांडणाऱ्या तज्ज्ञांनी, एकदा करून पाहावा. घसाऱ्याबद्दल माझी तक्रार नाही, जुनं ते जुनंच. तक्रार आहे ती अशी की हे जोडपत्र आहे की नाही ते पॉलिसीच्या पाचव्या पानावर एका आकड्यात लपलेलं असतं.

आपण काही केलं नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. ११ जून २०२४ च्या मास्टर सर्क्युलरने कागदांच्या नावाखाली क्लेम नाकारायला बंदी केली, लागतील ते कागद विमा देतानाच मागून घ्या असं सांगितलं, आणि पॉलिसीची माहिती सोप्या भाषेत एका पत्रकात द्यायला लावली. त्याचा आम्हाला फायदा झाला. त्याआधी २०२२ च्या जुलैमध्ये आपण एकाच मालकाच्या मोटारसायकली आणि खासगी गाड्यांसाठी फ्लोटर पॉलिसीला परवानगी दिलीत. घरात दोन कार आणि एक स्कूटर असलेल्या माणसाला सगळ्यांचा मिळून एक विमा मिळू शकतो. ज्याच्या घोड्यांचे ट्रेलर रोज बदलतात त्याला मात्र तो नाही. ती सोय कोणाला जास्त लागते, आपणच सांगा.

म्हणून आमचं मागणं आहे ते असं. ट्रेलरला त्याच्या स्वतःच्या नोंदणी आणि चासी नंबरवर, स्वतःच्या विमामूल्यासह स्वतंत्र पॉलिसी मिळावी, आणि तो कायदेशीर परवाना-फिटनेस असलेल्या कोणत्याही घोड्यामागे असो, किंवा यार्डात सुटा उभा असो, ती लागू राहावी. घोड्याच्या थर्ड पार्टी पॉलिसीने त्यामागे लागलेल्या कोणत्याही विमाधारक ट्रेलरला आपलं मानावं. एकाच मालकाचे घोडे-ट्रेलर असतील तर फ्लोटर द्यावा, आणि वजनाचा हप्ता एकदाच घ्यावा, घोड्यावर आणि ट्रेलरवर दोनदा नाही. कंटेनरच्या नुकसानीचं कवच लहान मालकाला प्रति गाडी दराने मिळावं. पॉलिसीच्या पहिल्या पानावर ट्रेलरचा रकाना असावा, आणि तो रिकामा ठेवायचा असेल तर मालकाची सही घेऊनच ठेवावा; म्हणजे “धर काहीतरी” म्हणणाऱ्यांनाही चाप बसेल. क्रेनच्या खर्चाची मूळ रक्कम आजच्या भावात आणावी. ही रक्कम ठरवताना एखाद्या घाटातल्या क्रेनवाल्याला बोलावून विचारलंत तर उत्तम.

यातल्या काही गोष्टींना हप्ता वाढेल. वाढू दे. मालवाहू गाडीच्या थर्ड पार्टी हप्त्यावरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हा आमच्या हाती थोडे पैसे उरलेही आहेत. कोणत्या जोखमीचे पैसे भरतोय हे कळलं तर ट्रेलरमालक भरायला तयार आहे.

या सूचनांचा विचार करताना आपल्या अधिकाऱ्यांनी उरण रस्त्यावरच्या एखाद्या कंटेनर यार्डाचं गेट रजिस्टर जरूर पाहावं. घोड्याचा नंबर एका रकान्यात, ट्रेलरचा दुसऱ्यात, आणि जोड्या कशा बदलतात ते तिथे आपोआप दिसतं. तोवर आम्ही आमच्या परीने सोय लावली आहे. ट्रेलर बदलला की त्या दिवशीच शाखेला ईमेल करतो : अमुक ट्रेलर अमुक घोड्याला लावला आहे, पॉलिसीत तशी नोंद करावी. शाखेचे लोक सभ्य आहेत, उत्तर देतात. बहुतेकदा ते येतं तेव्हा गाडी इंदूरहून परतून यार्डात लागलेली असते आणि तिच्यामागे तिसराच ट्रेलर असतो.

कळावे,

आपला,
एक ट्रेलरमालक, कळंबोली